जिम्नीला रिमॅप करू का? आधी टायर, मग गिअर, मग लॅपटॉप

प्रश्न थोडक्यात असा आहे : पाच दारांची मॅन्युअल जिम्नी, वॉरंटी अजून शिल्लक. घेतल्या घेतल्या २३५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन टायर टाकले, वर लोखंडी कॅरिअर बसवला. आता पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना चार माणसं आणि सामान असलं की गाडी तिसऱ्यावर मरते आणि दुसऱ्यावर नुसती ओरडते. मित्राच्या डिझेल थारला रिमॅप केल्यापासून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून घेतल्यापासून, ती 'वेगळीच गाडी' झाली आहे. एका ट्यूनरने (रिमॅप करून देणाऱ्याने) जिम्नीला २० पीएस, म्हणजे जवळपास तितकीच अश्वशक्ती, वाढवून देतो असं सांगितलंय. करावं का?

२० पीएस विसरा. तुमच्या इंजिनात ते नाहीत, त्यामुळे लॅपटॉप जोडून ते बाहेर काढता येणार नाहीत. चांगल्या हाताने केलेल्या रिमॅपमधून ५ टक्के मिळतील, अगदी नशीब जोरावर असेल तर ८. म्हणजे १०५ पीएसचे ११०, आणि १३४ न्यूटन-मीटर टॉर्कमध्ये सहा-सात न्यूटन-मीटरची भर. घाटात जी कमतरता तुम्हाला जाणवते ती याच्या कितीतरी पट मोठी आहे आणि तिचं कारण ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नाही.

कंपनीने ईसीयूत तक्ते भरलेले असतात. अमुक आरपीएमला अमुक इतकी हवा आत येत असेल तर ठिणगी किती अंश आधी टाकायची, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, इनटेक व्हॉल्व्हची वेळ किती पुढे-मागे सरकवायची, पेडल एवढं दाबलं तर थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) किती उघडायचं. रिमॅप म्हणजे या तक्त्यांतले आकडे बदलणं, दुसरं काही नाही. ताकद येते हवेतून आणि पेट्रोलमधून. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. हवा मात्र इंजिन ओढेल तेवढीच. जिम्नीचं के१५बी हे १४६२ सीसीचं, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत येईल तेवढीच येणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग ते ५ टक्के कुठून येतात? कंपनीने सुरक्षेसाठी मागे ठेवलेल्या थोड्या जागेतून. ठिणगी एक-दोन अंश आधी आणता येते. पूर्ण थ्रॉटलला कंपनी मिश्रण मुद्दाम गडद ठेवते, म्हणजे जादा पेट्रोल टाकून एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) थंड राखते. ते किंचित पातळ केलं की थोडी ताकद सुटते. व्हॉल्व्हच्या वेळेत मधल्या आरपीएमला थोडं काही सापडतं. झालं, एवढंच. आणि प्रत्येकाची किंमत आहे : ठिणगी आधी आणली तर नॉकिंगची (मिश्रण अवेळी आपोआप पेटून इंजिन खडखडण्याची) सीमा जवळ येते, मिश्रण पातळ केलं तर एक्झॉस्टचं तापमान चढतं. रस्त्यावर ओव्हरटेक करताना हे दहा सेकंद चालतं. चिखलात पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं झगडणाऱ्या, समोरून वारा न मिळणाऱ्या गाडीत हेच तापमान कन्व्हर्टर खातं.

'पण रिमॅप केलेली जिम्नी मी चालवली, फरक जाणवतो' असं बरेच जण सांगतात. जाणवतोच. तो बहुतेक पेडलचा असतो. मूळ मॅपमध्ये पेडल पाव दाबल्यावर थ्रॉटल जेवढं उघडायचं, त्याच्या दीडपट उघडेल असा तक्ता बदलला की गाडी उडी मारल्यासारखी निघते आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. पेडल पूर्ण दाबलं की दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. बाजारात मिळणारे पेडल बॉक्सही हेच करतात. शहरात मजा येते, दगडांवर मात्र हा शाप आहे. खडकावर चाक चढताना गाडी हलते, गाडीबरोबर पाय हलतो, आणि चुळबुळ्या थ्रॉटलमुळे पाय हलला की गाडी आणखी उसळते. ऑफ-रोडला पेडल जितकं आळशी तितकं चांगलं. कोणी मॅप करून देत असेल तर फोर-लोमध्ये (चारही चाकांना ओढ देणाऱ्या, हळू पण जोरकस गिअरिंगमध्ये) पेडलला हात लावू नका असं त्याला स्पष्ट सांगा.

दुसरी फसगत व्हिडिओंमुळे होते. जपानी जिम्नीचे ईसीयू ट्यूनिंगचे व्हिडिओ बघून माणसं हुरळून जातात. तिथली छोटी जिम्नी ६५८ सीसीची आहे, पण टर्बो आहे. 'केई' वर्गातल्या गाड्यांना ६४ पीएसच्या वर जायचं नाही असा तिथल्या कंपन्यांचा आपसातला संकेत आहे, म्हणून ते इंजिन मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं. तिथे ट्यूनर टर्बोचा दाब थोडा वाढवतो आणि झाकून ठेवलेली ताकद बाहेर येते. नाव जिम्नी, चेहरा जिम्नी, बॉनेटखालचं प्रकरण पूर्ण वेगळं.

आता तुमच्या गाडीची ताकद कुठे गेली ते मोजू.

मूळ टायर १९५/८० आर १५. त्याचा व्यास ६९३ मिलिमीटर. तुमच्या २३५/७५ आर १५ चा ७३३. जवळजवळ ६ टक्के मोठा. म्हणजे तुम्ही सगळ्याच गिअरची ओढ साडेपाच टक्क्यांनी कमी करून घेतली आहे. रिमॅपने जे मिळेल ते सगळं या टायरने आधीच खाल्लेलं आहे. शिवाय हे टायर जड आहेत, आणि ते वजन परिघावर फिरतं, त्यामुळे प्रत्येक वेळी वेग घेताना इंजिनाला ते वेगळं ओढावं लागतं. (एक बरं झालं असेल : कंपनीचे स्पीडोमीटर थोडं जास्त दाखवतात, तुमचा आता बऱ्यापैकी खरं बोलत असेल.)

दुसरं, उंची. पोलादपूर कोकणात, पायथ्याशी. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत १०५ चे ९२ झालेले असतात. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हीच घट ३० टक्क्यांच्या घरात जाते. 'घाटासाठी वेगळा मॅप टाकून देतो' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर हवा किती विरळ आहे ते ईसीयूला क्षणोक्षणी सांगतच असतो आणि पेट्रोल त्याप्रमाणे कमी होतच असतं. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही राहिलेलं नसतं.

टायर आणि उंची एकत्र धरली तर चाकावरची सुमारे १७ टक्के ओढ गेली. त्यात बाराशे किलोची गाडी, चार माणसं, सामान, लोखंडी कॅरिअर. मित्राच्या थारमध्ये टर्बो आहे, तो विरळ हवा दाबून भरतो, म्हणून त्याला आंबेनळी जाणवतच नाही. तुलना तिथेच संपते.

यावर सगळ्यात स्वस्त औषध गिअरच्या दांड्यात आहे. जिम्नीचा दुसरा गिअर साधारण २.३ चा आणि तिसरा १.६७ चा. ताशी ४० च्या वेगाला मूळ टायरवर तिसऱ्यात इंजिन २१०० च्या आसपास फिरतं, दुसऱ्यात २९०० च्या. टॉर्क दोन्हीकडे सारखाच धरला तरी चाकावर दुसऱ्या गिअरमध्ये ३७ टक्के जास्त ओढ मिळते. आणि टॉर्क सारखा नसतोच. या इंजिनाचा सर्वोच्च टॉर्क ४००० आरपीएमला येतो. 'दुसऱ्यावर नुसती ओरडते' असं तुम्ही लिहिलंय. ओरडू द्या. हे इंजिन ओरडण्यासाठीच बनवलंय. डिझेलवरून आलेल्या माणसाचा कान १८०० ला गिअर बदलायला सांगतो आणि पेट्रोल इंजिन तिथेच गुदमरतं. घाटात ३००० ते ४००० मध्ये ठेवा, वळणाच्या आधीच दुसरा टाका, वळणात शिरल्यावर नको. चढावर एसी बंद करायची जुन्या ड्रायव्हरांची सवय १.५ लिटरच्या गाडीत अजूनही अर्थपूर्ण आहे. कॉम्प्रेसर जे खातो ते रिमॅपच्या नफ्याच्या जवळपासच असतं.

कच्च्या रस्त्यावर तर हिशोब आणखी एकतर्फी आहे. ट्रान्स्फर केसचा छोटा दांडा फोर-लोमध्ये टाकला की चाकावरचा टॉर्क दुप्पट होतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनापासून चाकापर्यंतचं एकूण प्रमाण साधारण ३६ होतं. इंजिन हजारावर असताना गाडी ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटरने, माणूस चालतो त्याहूनही हळू, सरकते. एकीकडे १०० टक्के वाढ, दुसरीकडे ५. तरीही ताम्हिणीकडच्या लाल चिखलात माणसं फोर-हायमध्ये (चारही चाकांना ओढ, पण नेहमीच्या गिअरिंगमध्ये) हाफ क्लचवर गाडी रेज करताना दिसतात, क्लच जळल्याचा वास येतो, आणि घरी जाऊन रिमॅपचे भाव विचारतात. घसरणाऱ्या चिखलात चाकं वेगाने फिरवायची असली तर फोर-लोमध्ये दुसरा किंवा तिसरा घ्या.

तर पहिला खर्च : टायर. सध्याचे विकून २१५/७५ आर १५ घ्या. व्यास ७०३ मिलिमीटर, मूळपेक्षा फक्त दीड टक्का मोठा, वजनाला हलका, आणि जिम्नीला जिथे जायचं असतं तिथल्या बहुतेक ठिकाणी पुरेसा. मोठे टायर ठेवायचेच असतील तर खरा उपाय गिअरिंग खाली आणण्याचा आहे. परदेशात जिम्नीच्या ट्रान्स्फर केससाठी रिडक्शन गिअर मिळतात, पण ते मागवणं, बसवणं आणि नंतर सांभाळणं हे वीकेंडला गाडी नेणाऱ्याचं काम नाही. आणि कॅरिअर रिकामा असताना काढून ठेवा. तो शोभेसाठी असतो हे आपण सगळे जाणतो.

हे झाल्यावरही गाडी मंद वाटली तर ती आजारी आहे का ते बघा. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारा) आणि मोबाइल पुरे. आंबेनळीवर सोबत बसलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू स्वतःहून पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय), इनटेकमधला दाब, इनटेक हवेचं तापमान आणि इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते) एवढे चार आकडे नोंदवा. ट्रिम उणे-अधिक ५ टक्क्यांत असेल तर उत्तम. १० च्या पुढे गेला तर कुठेतरी हवा गळते आहे, इंजेक्टर घाण आहेत किंवा सेन्सर खोटं बोलतोय. पेडल पूर्ण दाबलेलं असताना इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाला जवळजवळ भिडला पाहिजे. बाहेर ९५ किलोपास्कल आहे आणि ३००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर आत ८८ दिसतात, तर हवेच्या वाटेत काहीतरी अडकलंय. बहुतेक वेळा एअर फिल्टर. जांभ्याची लाल धूळ खाल्लेला फिल्टर वरून फक्त मळका दिसतो. घडी बोटांनी उघडून बघा, आत विटेच्या भुकटीचा थर बसलेला सापडेल.

इग्निशनचा आकडा सगळ्यात बोलका. एकाच आरपीएमला, एकाच भाराला, घाटाच्या सुरुवातीला तो जेवढा होता त्यापेक्षा पंधरा मिनिटांनंतर तीन-चार अंश मागे आलेला दिसला तर ईसीयूला नॉकिंग ऐकू येतंय किंवा आत येणारी हवा तापली आहे, आणि तो इंजिन वाचवण्यासाठी ठिणगी मागे ओढतोय. अशा गाडीत ट्यूनरने ठिणगी आणखी दोन अंश आधी टाकली तर काय होईल? ईसीयू पाच अंश मागे ओढेल. डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) थंड इंजिनाने एक सुंदर आलेख मिळेल आणि घाटात पूर्वीपेक्षा वाईट गाडी. जादा ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंग जास्त टाळणाऱ्या, पेट्रोलवर बसवलेला मॅप असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण तुम्ही जिथे गाडी घेऊन जाता तिथल्या पंपावर जे मिळेल तेच भरावं लागतं.

आता मित्राची थार, कारण प्रश्नाचं मूळ तिथे आहे. २.२ डिझेल, १३० पीएस, ३०० न्यूटन-मीटर. त्याच इंजिन कुटुंबातून कंपनीने एक्सयूव्ही ७०० मध्ये १८५ पीएस काढलेत, म्हणजे थारमधलं इंजिन आरामात बसलेलं आहे. टर्बोचा दाब थोडा, रेल प्रेशर (इंजेक्टरमागचा डिझेलचा दाब) थोडं, डिझेल थोडं वाढवलं की २० ते २५ टक्के सहज मिळतात आणि ते खरे असतात. फक्त मोठ्या गाडीतला टर्बो, इंटरकूलर, क्लच आणि गिअरबॉक्स थारमध्ये जसेच्या तसे आहेत असं धरून १८५ मागायला जाऊ नये. पहिला बळी क्लच : चौथ्या-पाचव्यात दीड हजारावर पाय दाबला की आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी जागेवर. दुसरी गोष्ट मित्र बहुधा बोलला नसेल. टर्बो भरायच्या आधी, हजार-बाराशे आरपीएमला, त्याचाही रिमॅप काही करत नाही. तिथे जादा हवा नाही, म्हणजे जादा डिझेल टाकलं तर फक्त काळा धूर आणि डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी. खडकावरून हळू उतरता-चढताना त्याची थार रिमॅपआधी होती तशीच आहे. डीपीएफ 'बंद करून' देतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूही नका. ते प्रदूषणाच्या नियमांच्या सरळ विरुद्ध आहे.

पेट्रोल थारवाल्यांसाठी एक वाक्य जास्तीचं, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. ते टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. अशा इंजिनांत कमी आरपीएमला खूप टॉर्क मागितला तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तो नॉक सेन्सरने सावरण्यापलीकडचा असतो, एका धमाक्यात पिस्टनची कड जाते. म्हणून २००० च्या खाली टॉर्क मूळच्याइतकाच ठेवणारा ट्यूनर शोधा, जरी आलेख कमी देखणा आला तरी.

इतकं वाचूनही जिम्नीला मॅप टाकायचाच असेल तर कामाची पद्धत बघून माणूस निवडा. गाडी आल्यावर आधी मूळ अवस्थेत डायनोवर चढवली पाहिजे, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, आणि लागोपाठ तीन वेळा. पहिल्या धावेचा आकडा नेहमी छान येतो, तिसरा खरा. रिमॅपनंतर पुन्हा तसंच. चाकावरचा आकडा आणि इंजिनाचा आकडा यांत पंधरा-वीस टक्क्यांचा फरक असतो. 'आधी' चाकावरचा आणि 'नंतर' इंजिनाचा छापलेला कागद मी पाहिलेला आहे, तुमचे २० पीएस तिथूनच आले असण्याची शक्यता आहे. फाइल लिहिताना बॅटरीला बाहेरून सपोर्ट सप्लाय जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी टो करून न्यावी लागते. दुसऱ्या गाडीची तयार फाइल टाकतोय की तुमची वाचून बदलतोय, हे सरळ विचारा. उत्तर देताना तो अडखळला की चहा पिऊन निघा.

कायद्याची बाजूही कोरडी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करायला मर्यादा आहेत, आणि २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमॅप रस्त्यावर कोणी उघडून बघत नाही हे खरं. पण मोठा अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेयर बघतो, आणि इंजिनाचा क्लेम केला की कंपनीचं वर्कशॉपही बघतं. तुमची वॉरंटी चालू आहे. पाच पीएससाठी ती पणाला लावायची की नाही हे तुम्ही ठरवा. मी लावली नसती. मूळ मापाबाहेरच्या टायरलाही हाच नियम लागतो, हे २३५ वाल्यांच्या कानावर घालून ठेवतो.

आणि मॅप टाकलाच तर सर्व्हिसला देताना सांगून ठेवा, की ईसीयूचा सॉफ्टवेअर अपडेट आला तर आधी विचारा. अपडेटमध्ये तुमचा मॅप पुसला जातो, आणि गाडी 'अचानक मेली' म्हणून माणसं पुन्हा पैसे भरायला येतात. मूळ फाइल ट्यूनरकडून मागून घ्या, गाडीचा नंबर आणि तारीख टाकून पेन ड्राइव्हवर घरी ठेवा. ती द्यायला तो नाही म्हणाला तर गाडी त्याच्या शटरच्या आत नेऊच नका.